आमचा देह आणि घरचा आग्रह

आपल्या देहाविषयीं चारचौघांत बोलूं नये, असा आपल्या घरांतील जुना संकेत आहे, आणि तो बहुतांशीं योग्यच आहे. तथापि जी गोष्ट न बोलल्यामुळें घरोघर माणसें अकालीं आजारी पडतात, तिच्याविषयीं संकोच बाळगणें हा शिष्टाचार नसून हयगय होय, असें आम्हांस वाटतें. म्हणून आमच्या लठ्ठपणाची, आणि तो उतरविण्यासाठीं एका तपाहून अधिक काळ चाललेल्या खटाटोपाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. तींत पराक्रम फारसा नाहीं. फजिती पुष्कळ आहे.

२०१२ सालच्या वैशाखांत आमच्या पुतण्याची मुंज झाली. वहिनींच्या वडिलांची हौस म्हणून पंगत टेबलांवर न मांडतां खालीं पाटांवर बसविली होती. जेवणें झालीं, मंडळी हात धुण्यास उठली, आणि आम्ही उठूं लागलों तों उठतांच येईना. एकदां डाव्या हातावर भार देऊन पाहिला, एकदां उजव्या. शेवटीं एका वाढप्या मुलानें पत्रावळी उचलतां उचलतां आमच्या काखेंत हात घालून आम्हांस उभें केलें. सारी पंगत हंसली, आम्हीही हंसलों. आमचें वय तेव्हां एकेचाळीस होतें. आमचे वडील एकसष्टाव्या वर्षीं मधुमेहाच्या विकारानें गेले, आणि अखेरचीं तीन वर्षें तेही असाच कोणाचा तरी हात धरून उठत असत. हंसतां हंसतां आम्हांस तो हात आठवला, आणि घरीं येईपर्यंत आम्ही कोणाशीं बोललों नाहीं.

दुसऱ्या आठवड्यांत डॉक्टरांकडे गेलों. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, कमरेचा घेर ११२ सेंटिमीटर, आणि उपाशीपोटीं रक्तांतील साखर ११८. ही साखर शंभराच्या आंत असावी लागते. १२६ वर गेली कीं मधुमेह म्हणतात. आम्ही दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर उभे होतों. डॉक्टरांनीं औषध लिहून दिलें नाहीं. एक प्रश्न मात्र विचारला, "घरीं तुम्हांस वाढतें कोण?"

"आई," आम्हीं सांगितलें.

"मग पुढच्या वेळीं त्यांना घेऊन या."

आम्हांस हा विनोद वाटला. एकेचाळीस वर्षांच्या गृहस्थानें स्वतःच्या वजनासाठीं आईस डॉक्टरांकडे न्यावयाचें! आम्ही घरीं आलों आणि एकट्यानेंच प्रतिज्ञा केली.

प्रतिज्ञा कडक होती. पोळी, भात, बटाटा, दूध, साखर, सारें एका दिवशीं सोडलें. सकाळीं लिंबूपाणी, दुपारीं काकडी-टोमॅटो, रात्रीं भाज्यांचें पातळ सार, एवढ्यावर चार महिने काढले आणि चौदा किलो वजन उतरविलें. ओळखीचे लोक वाटेंत थांबवून अभिनंदन करीत. परंतु घरांत आम्ही कोणाशीं धड बोलत नसूं. मुलांवर खेंकसावें, फोडणीचा वास आला कीं खोलीचें दार लावून घ्यावें, आणि रात्रीं अंथरुणावर पडून कोणकोणते पदार्थ खावयाचे नाहींत त्यांची उजळणी करावी, असा क्रम चालला होता. दिवाळी आली. भाऊबीजेस एक अनारसा तोंडांत घातला, आणि बांध फुटला. पुढच्या वैशाखापर्यंत चौदाचे सोळा होऊन परत आले. कांटा बरोबर शंभरावर जाऊन थांबला.

आपला मनोनिग्रह कमी पडला, एवढाच अर्थ तेव्हां आम्हीं लावला, आणि दोन वर्षें तोंड लपवून काढलीं. पुढें वाचन केलें तेव्हां कळलें कीं, या प्रकाराची रीतसर परीक्षा पूर्वींच झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांस त्यांच्या संमतीनें सहा महिने अर्धपोटीं ठेविलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पण त्याबरोबर त्यांची नाडी मंद झाली, अंगांत कायमची थंडी भरली, स्वभाव चिडखोर झाला. आणि ज्यांनीं जन्मांत कधीं चुलीकडे पाहिलें नव्हतें, ते पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागले. अन्न पुन्हां मोकळें झाल्यावर कित्येकांस कितीही खाल्लें तरी पोट भरल्यासारखें वाटेना. १९९४ सालीं यामागचें एक कारण हातीं लागलें. शरीरांतील चरबी लेप्टिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडते, आणि कोठारांत शिल्लक किती आहे याची वर्दी तें मेंदूस देतें. चरबी झपाट्यानें घटली कीं ही वर्दी मंदावते. मेंदू दुष्काळ पडला असें समजतो, भूक वाढवितो व शरीराचा खर्च आंखडतो. म्हणजे आमचा देह आम्हांशीं बेइमान झाला नव्हता. त्यानें आपलें राखणदाराचें काम चोख केलें होतें.

त्यांतही आपल्या लोकांच्या देहाची ठेवण निराळी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आपलें व आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन यांच्या अंगांत चरबीचें प्रमाण ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतून १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासांत असेंही आढळलें कीं, आपलीं अर्भकें इंग्लंडांतील अर्भकांहून वजनानें सुमारें पाऊण किलोनें कमी भरतात. हाडामांसानें तीं लहान असतात, पण त्वचेखालची चरबी त्यांनीं त्या मानानें राखलेली असते. पोटाभोंवतीं सांठणारी ही चरबीच मधुमेहास वाट करून देते. म्हणून आपल्याकडे पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आंत आणि स्त्रियांचा ८० च्या आंत असावा, असें वैद्यक सांगतें. वाचकांनीं शिवणाची टेप घेऊन आजच आपापला घेर मोजावा; तराजूपेक्षां ती अधिक खरें बोलते.

आमच्या दुसऱ्या प्रयत्नाचा आरंभ २०१५ च्या जूनमध्यें झाला, आणि त्याचें श्रेय आमच्या सौ.कडे जातें. आम्ही नव्या उपवासाचा बेत सांगूं लागतांच ती म्हणाली, "अहो, तुम्हीं काय सोडायचें तें मागाहून ठरवूं. आधीं या घरांत काय येतें तें पाहूं." तिनें वाण्याच्या सहा महिन्यांच्या यादी काढल्या. घरांत माणसें नऊ : आई, वडीलबंधु, वहिनी, त्यांचीं दोन मुलें, आणि आम्ही चौघें. महिन्यास तेल ९ लिटर, तूप ३ किलो, साखर १४ किलो, आणि साऱ्या डाळी-कडधान्यें मिळून अवघीं ६ किलो. भागाकार केला तेव्हां दर माणशीं दर दिवशीं तेल-तूप ४१ ग्रॅम, साखर ५२ ग्रॅम, आणि डाळी-कडधान्यें २२ ग्रॅम असा हिशेब निघाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं दिलेला आदर्श ताटाचा हिशेब यापुढें ठेवून पाहावा. दोन हजार कॅलरींच्या आहारांत तेल-तूप २७ ग्रॅम, डाळी-कडधान्यें ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असाव्यात, असें ती सांगते. साखर अशा आहारांत ५० ग्रॅमच्या आंत, आणि साधल्यास २५ च्या आंत असावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ सालचा सल्ला आहे. आणि आमच्या ५२ ग्रॅमांत बाहेरची मिठाई व बिस्किटें धरलेलींच नव्हतीं. त्या दिवशीं आम्हांस प्रथम उमगलें कीं लठ्ठ आम्ही दिसत असलों, तरी लठ्ठपणा घराच्या यादींत होता.

आणि त्या घराच्या चुलीची मालकीण आई होती. डॉक्टरांचा प्रश्न आम्हांस तीन वर्षांनीं समजला.

येथें आमच्या आईविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. वडील पूर्वीं सोलापूर जिल्ह्यांतील एका खेडेगांवीं शिक्षक होते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां आम्ही पाळण्यांत होतों. रेशनवर मिळणारा तांबडा मिलो दळून त्याच्या भाकऱ्या खाव्या लागत. आईच्या अंगावर दूध पुरत नसे, आणि आम्ही रात्र रात्र रडत असूं. तो काळ गेला, वडिलांची बदली पुण्यास झाली, घरांत चार पैसे आले. परंतु आईच्या मनांतून तें रडणें गेलें नाहीं. ती वाढावयास उभी राहिली कीं आमच्या पानांत भाताची मूद दुसऱ्यांदा पडे, तिच्यावर तुपाची धार पडे, आणि "नको" म्हणून हात आडवा केला तर ती हाताच्या बाजूनें वाढी. आम्हीं जेव्हां तिला सांगितलें कीं, यापुढें आग्रह करीत जाऊं नकोस, तेव्हां ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोटभर जेवलास का, हें विचारायचें नाहीं, तर मग आईनें मुलाला विचारायचें तरी काय रे?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. आम्हीं तिला डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं तिला दोष दिला नाहीं. आमच्या वडिलांचे व आमचे साखरेचे आंकडे त्यांनीं एका कागदावर शेजारीं शेजारीं लिहून दाखविले, एवढेंच. कागदाची घडी करून तिनें ती कनवटीस लाविली आणि रिक्षांत बसल्यावर विचारलें, "यांना तेव्हां असें कुणीं कां नाहीं सांगितलें?"

त्यानंतर जें झालें तें आमच्या कोणत्याही प्रतिज्ञेनें झालें नसतें. पानाची उजवी बाजू भाजी-आमटीची आणि डावी चटणी-कोशिंबिरीची, ही आपली वाढण्याची रीत. आईनें डावी बाजू मोठी केली. चमचाभर कोशिंबीर वाढावयाची, तेथें वाटीभर येऊं लागली. पातळ वरणाचें दाट वरण झालें. मटकी, मूग, हरभरा, कुळीथ आळीपाळीनें रोजच्या पानांत आले. रात्रीं पोळीऐवजीं ती स्वतः ज्वारीची भाकरी थापूं लागली. ज्वारींत कांहीं जादू आहे असें नाहीं. परंतु गरम भाकरी, पालेभाजी आणि ताक यांनीं पोट लवकर भरतें आणि तेल लागत नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अतिस्थूलासाठीं पचावयास जड पण पुष्टीस हलकें असें अन्न सांगितलें आहे, आणि त्यांत जव, मूग, कुळीथ यांचीं नांवें आहेत. चोथा व प्रथिनें यांचें महत्त्व आजचें आहारशास्त्र ज्या शब्दांत सांगतें, त्याहून हें फार दूर नाहीं. भात राहिला, पण एका वाटीनें मोजून. तूप राहिलें, पण चमच्यानें. आणि आग्रह? तोही राहिला. फक्त आतां आई हातांत कोशिंबिरीचें भांडें घेऊन उभी राही आणि "अजून घे, अजून घे" म्हणे.

दुसरा बदल वहिनींनीं केला. उरलेलें टाकवत नाहीं म्हणून शेवटचे चार घांस घरांतील स्त्रियांच्याच पोटांत जातात, ही गोष्ट आम्हां पुरुषांच्या कधीं ध्यानांतही आली नव्हती. त्यांनीं अन्न मोजून शिजविण्यास आरंभ केला, आणि स्त्रिया मागाहून जेवतात ती पद्धत मोडून नऊही माणसें एकदम बसूं लागलीं. वर्षभरांत वाण्याची यादी बदलली : तेल ६ लिटर, तूप दीड किलो, साखर ६ किलो, डाळी-कडधान्यें १४ किलो. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मात्र वादाचा विषय झाली. साबुदाणा म्हणजे जवळ जवळ निव्वळ पिष्ट. त्यांत दाणे आणि तूप पडलें कीं 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण अक्षरशः खरी होते. शेवटीं वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि एक फळ यांवर तह झाला.

चालणें आम्हीं गल्लीच्या टोंकापासून सुरू केलें. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपैकीं चाळीस चढून पहिल्या दिवशीं खालीं उतरलों. एकदांही न थांबतां वर पोंचावयास सहा महिने लागले. पुढें सूर्यनमस्कार धरले. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं गेल्या शतकांत ज्याचा हिरिरीनें प्रसार केला, तो हा व्यायाम जागा, साधन आणि पैसा यांपैकीं कांहींच मागत नाहीं. मोठ्या माणसांनीं आठवड्यास निदान १५० मिनिटें चालण्यासारखा व्यायाम करावा, आणि दोन दिवस स्नायूंस जोर पडेल असें कांहीं करावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्याचा दुसरा भाग आपल्याकडे दुर्लक्षिला जातो. वजन उतरतांना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते राखले नाहींत तर देह हलका होतो पण दुबळाही होतो.

वजन कसें उतरलें तें सांगतों. पहिल्या वर्षीं आठ किलो, दुसऱ्या वर्षीं सात, तिसऱ्या वर्षीं चार, चौथ्या वर्षीं तीन. २०१९ च्या जूनमध्यें कांटा ७८ वर आला. २०२० च्या टाळेबंदींत पुन्हां चार किलो चढले. पूर्वींचे आम्ही असतों तर तेथेंच हाय खाल्ली असती. या खेपेस घरची मंडळी गच्चीवर आमच्याबरोबर फेऱ्या घालूं लागली, आणि वर्षभरांत तीन किलो परत उतरले. तेव्हांपासून आम्ही ७७ ते ८० च्या दरम्यान आहों. कमरेचा घेर ९४ आहे, म्हणजे अजून चार सेंटिमीटर अधिकच. कोष्टकाप्रमाणें आम्ही आजही लठ्ठांतच मोडतों. परंतु उपाशीपोटींची साखर गेलीं सहा वर्षें शंभराच्या आंत आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनीं आहार व चालणें सुधारलें तेव्हां मधुमेह जडण्याचें प्रमाण सुमारें २८ टक्क्यांनीं घटलें. आणि विशेष असें कीं, त्यांचें वजन फारसें उतरलेलें नव्हतें. म्हणून कोष्टकांतील आदर्श आंकडा गांठला नाहीं याचें आम्हांस दुःख होत नाहीं.

उतरलेलें वजन टिकविणारे लोक करतात तरी काय, याचीही नोंद झालेली आहे. अमेरिकेंत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेविली जाते. निदान तीस पौंड उतरवून तें वर्षभर टिकविणारासच तींत प्रवेश मिळतो. त्यांच्या वाटा नाना प्रकारच्या आहेत, पण बहुतेकजण दिवसाकाठीं सुमारें तासभर हालचाल करतात, सकाळचें खाणें चुकवीत नाहींत, आणि आठवड्यांतून एकदां तरी तराजूवर उभे राहतात. हीं तिन्ही कामें कंटाळवाणीं आहेत, आणि जन्मभराचीं आहेत. कंटाळवाणें काम जन्मभर करावयाचें तर त्यास सोबत लागते. उपाशी आम्ही एकटे राहूं शकलों, पण बेताचें जेवण आम्हांस एकट्यानें जमलें नाहीं.

आणखी दोन गोष्टी. मधुमेहाचें औषध किंवा इन्सुलिन घेणारानें डॉक्टरांस विचारल्यावांचून जेवण तोडूं नये; साखर एकाएकीं खालीं जाऊन जिवावर बेततें. अलीकडे भूक शमविणारीं इंजेक्शनें निघालीं आहेत. ज्यास तीं डॉक्टर देतील त्यानें लाज बाळगूं नये, परंतु तीं थांबविलीं कीं वजन बहुधा परतूं लागतें हेंही ध्यानांत असूं द्यावें. दुसरी गोष्ट मुलांची. आमचा धाकटा पुतण्या तेराव्या वर्षीं अंगानें सुटूं लागला तेव्हां एका नातलगानें त्यास भरल्या घरांत 'ढोल्या' म्हटलें, आणि तो पानावरून उठून गेला. त्या रात्रीं तो फडताळांतील बिस्किटें चोरून खातांना सांपडला. थट्टेनें कोणाचें वजन उतरलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याबरोबर पर्वतीवर येऊं लागला, आणि वजनाचा शब्द आम्ही दोघांनींही काढला नाहीं.

२०२३ च्या होळीस आईनें पुरणाचा स्वयंपाक आपल्या देखरेखीखालीं करविला. बयाऐंशी वर्षांची झाली होती, हात कांपत होते, तरी वाढावयास ती खुर्ची घेऊन पानांशेजारीं बसली. आमच्या पानांत एक पोळी वाढली, वर चमचाभर तूप घातलें. आम्हीं ती सावकाश खाल्ली आणि, खरें सांगावयाचें तर, दुसरीकडे पाहिलें. आईचा हात ताटाकडे गेला, क्षणभर तेथें थांबला, आणि तिनें पोळ्यांवर झांकण ठेविलें.

"पुरे आतां," ती म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून आम्हीं बावन्न वर्षांत प्रथमच ऐकला. त्याच वर्षीं श्रावणांत ती गेली. आतां आम्हांस सौ. वाढते, कधीं वहिनी वाढतात, कधीं मुलें वाढतात, आणि आम्हीही त्यांस वाढतों. पण दुसऱ्या पोळीची वेळ आली कीं आम्ही अजून तो हात झांकणाकडे जाण्याची वाट पाहतों.